हरणावरचा नेम: सरासरी न काढणारी परीक्षा

परीक्षा म्हटली की आपल्या डोक्यात सरासरी येते. गणितात कमी पडले तर भाषेत भरून काढू, एकूण टक्के बरे आले की झालं. आज ज्या परीक्षेबद्दल लिहितोय तिथे ही सोय नाही. ब्रिटनमध्ये हरणांची शिकार करणाऱ्यांसाठी ‘डिअर स्टॉकिंग सर्टिफिकेट’ असतं, त्याची पहिली पायरी म्हणजे डीएससी लेव्हल वन. स्टॉकिंग म्हणजे रायफल घेऊन पायी, दबकत, वाऱ्याचा अंदाज घेत हरणाजवळ पोचणं. माझ्या पीएच.डी.चा विषय तिथल्या हरणांविषयीच्या कायद्यांचा इतिहास, त्यामुळे या प्रमाणपत्रातली नेमबाजीची चाचणी मला वारंवार भेटते.

‘शिकार’ वाचून तुम्हाला आपला १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा आठवला असेल. तिथली परिस्थिती वेगळी आहे. लांडगा आणि लिंक्स ब्रिटनमधून कधीच नाहीसे झाले. हरणं वाढतात, कोवळी रोपं खातात आणि जंगल नव्याने उगवत नाही. म्हणून ती मारावी लागतात, हे बहुतेकांना मान्य आहे. भांडण आहे ते कोणी आणि कसं मारायचं यावर.

आता चाचणी बघा. आधी १०० मीटरवरून, पालथं पडून, चार इंची वर्तुळात तीन गोळ्या. रायफल आणि दुर्बीण जुळलेली आहे का, ते यात कळतं. मग हरणाचं चित्र समोर येतं: १०० मीटरवरून दोन गोळ्या, ७० मीटरवरून बसून किंवा गुडघ्यावर दोन, ४० मीटरवरून उभ्याने दोन. सहाच्या सहा गोळ्या काळीज-फुप्फुसांच्या भागात लागल्या पाहिजेत. पाच अगदी मधोमध आणि सहावी पोटात? नापास. कारण पोटात गोळी लागलेलं हरीण तिथल्या तिथे पडत नाही. ते झाडीत जातं आणि तासन्‌तास मरत राहतं.

तयारी करणारे बहुतेक जण १०० मीटरचाच सराव करत बसतात, कारण आकडा मोठा दिसतो. खरं तर पालथं पडलं की जमीनच रायफल धरून ठेवते. घाम फुटतो तो ४० मीटरवर, उभ्याने. काठ्यांचा आधार घेता येतो, पण गुडघे आणि श्वास आपलेच असतात. चाप झटक्यात ओढला, किंवा धक्क्याच्या भीतीने आधीच डोळे मिटले, की गोळी खाली जाते. यावरचा उपाय जुना आणि कंटाळवाणा आहे: रायफल रिकामी असल्याची दोनदा खात्री करायची, सुरक्षित दिशेला धरायची आणि नुसता चाप दाबत राहायचं. गोळीचा खर्च नाही, आवाज नाही. आणि नळी हलली तर ती लगेच दिसते.

आता इतिहास. २ जुलै १८६० रोजी विम्बल्डनला नॅशनल रायफल असोसिएशनच्या पहिल्या स्पर्धेचं उद्‌घाटन व्हिक्टोरिया राणीने केलं. व्हिटवर्थ रायफल चौकटीत घट्ट बसवून, नेम आधीच जुळवून ठेवला होता. राणीने फक्त रेशमी दोरी ओढली, आणि ४०० यार्डांवरच्या लक्ष्याच्या जवळजवळ केंद्रात गोळी लागली. (एवढी तयारी करून दिली तर मीसुद्धा पास होईन!) पुढे १९०८च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये ‘पळतं हरीण’ हा प्रकार होता: हरणाच्या आकाराचं सरकतं लक्ष्य. ६० वर्षांच्या ऑस्कर स्वान या स्वीडिश नेमबाजाने त्यात सुवर्णपदक मिळवलं, आणि १९२०मध्ये ७२व्या वर्षी याच प्रकारात संघासोबत रौप्य.

कौतुक कशाचं होत होतं ते लक्षात घ्या. पळत्या हरणावर गोळी लागणं म्हणजे कौशल्य. स्पर्धेत गुणांची बेरीज होते, एक चुकली तर दुसरी भरपाई करते. आजच्या चाचणीत हरीण स्थिर उभं आहे, आणि पळत्या हरणावर गोळी झाडायची नाही हे उमेदवाराला आधीच शिकवलेलं असतं. माझ्या मते हा बदल दिसतो त्यापेक्षा मोठा आहे. स्पर्धा तुमची चांगली गोळी मोजते, चाचणी वाईट गोळी शोधते.

हा बदल कायद्याने घडवला असं मात्र नाही. दुसऱ्या महायुद्धानंतरही अनेक जंगलांत हरणं उपद्रवी ठरवून, हाकारे घालून शॉटगनच्या छऱ्यांनी मारली जात. छऱ्यांनी मरणाऱ्यांइतकाच जखमी होऊन निसटणाऱ्यांचा प्रश्न होता. १९६३च्या डिअर ॲक्टने इंग्लंड-वेल्समध्ये बंद हंगाम ठरवले, रात्रीच्या शिकारीवर बंदी आणली आणि रायफलीला किमान मापं घातली: ०.२४० इंचाचा कॅलिबर, १,७०० फूट-पाउंड ऊर्जा. ब्रिटिश डिअर सोसायटीची स्थापनाही त्याच वर्षीची. पण कायदा वाचला की एक गोष्ट खटकते. बंदूक कशी हवी, तारीख कोणती हवी, सगळं आहे. चाप दाबणाऱ्याला नेम धरता येतो का, हे कुठेच विचारलेलं नाही. बंदुकीचा परवाना देणारे पोलीसही माणूस धोकादायक नाही ना आणि त्याला बंदूक कशाला हवी, एवढंच पाहतात.

जर्मनीत शिकारीच्या परवान्यासाठी आधी परीक्षा द्यावीच लागते. ब्रिटनमध्ये ती पोकळी संस्थांनी भरली, आणि डीएससी आजही कायद्याने सक्तीचं नाही. जमीनमालक आणि जंगलांचे व्यवस्थापक ते मागतात म्हणून लोक देतात. स्वतःच्या शेतात हरीण मारणाऱ्याला कोणी काही विचारत नाही. सक्ती करावी का, हा वाद तिथे अधूनमधून पेटतो. जुन्या शिकाऱ्यांचं म्हणणं, कागदावरच्या हरणाला ना वारा लागतो ना ते कान टवकारतं. मुद्दा खरा आहे, पण माझ्या मते ज्याला कागदावरही जमत नाही त्याच्यासाठी तो कामाचा नाही.

आणखी एक. तिथे हरणांच्या सहा जाती मोकळ्या फिरतात, त्यातला चिनी मुंटजॅक हा आपल्या भेकराचा भाऊबंद. बेडफर्डशरमधल्या वोबर्नच्या बागेत हौसेने आणलेला, आज दक्षिण इंग्लंडभर पसरलेला. कुत्र्याएवढा प्राणी, काळीज-फुप्फुसांचा भाग त्याच मानाने लहान, आणि क्षणभरही स्थिर राहत नाही. मोठ्या लाल सांबरासारख्या रेड डिअरसाठी आणि या भेकरासाठी चाचणी मात्र एकच.