जुन्या 'एमजीए'च्या मागच्या ॲक्सलचे गुणोत्तर कसे ओळखावे?

१९५५ ते १९६२ या काळात इंग्लंडमधील ॲबिंग्डन येथील कारखान्यात तयार झालेली 'एमजीए' ही दोन आसनी स्पोर्ट्‌स कार जुन्या मोटारींच्या शौकिनांमध्ये आजही मानाचे स्थान राखून आहे. एकूण १,०१,०८१ गाड्या बनल्या आणि त्यांतील जेमतेम सहा हजार ब्रिटनमध्ये विकल्या गेल्या; उरलेल्या परदेशी, मुख्यत्वे अमेरिकेत गेल्या. (आज भारतीय रस्त्यांवर दिसणाऱ्या 'एमजी' गाड्यांशी तिचे नाते नावापुरतेच आहे. उलट, आपल्या परिचयाची अॅम्बेसेडर अनेक वर्षे ज्या १४८९ सीसी 'बी सीरिज' इंजिनावर धावली, तेच घराणे पहिल्या एमजीएच्या बॉनेटखाली होते.) सहा दशकांत या गाड्यांचे मालक बदलले, देश बदलले आणि पुष्कळदा त्यांच्या पोटातील यंत्रभागही बदलले. त्यामुळे अशी गाडी विकत घेणाऱ्याला किंवा दुरुस्त करणाऱ्याला एक साधा वाटणारा प्रश्न हमखास अडवतो : हिच्या मागच्या ॲक्सलमध्ये सध्या नेमके कोणते गुणोत्तर आहे?

इंजिनाची शक्ती गियरबॉक्समधून प्रोपेलर शाफ्टद्वारे मागे येते. तिथे एक लहान पिनियन आणि त्याला जुळलेले मोठे क्राउन व्हील असते. पिनियनला १० दाते आणि क्राउन व्हीलला ४३ दाते असतील, तर चाकाच्या एका फेऱ्यासाठी शाफ्टला ४.३ फेरे घ्यावे लागतात. हेच ॲक्सलचे गुणोत्तर. आकडा मोठा असेल तर गाडी चटकन वेग घेते, चढ सहज चढते. पण लांबच्या सरळ रस्त्यावर इंजिनाला सतत जास्त फेरे घ्यावे लागतात. आकडा लहान असेल तर गाडी निवांत पळते, मात्र सिग्नलवरून निघताना तिची चपळाई थोडी कमी होते.

४० आणि १० असे सोपे दाते सोडून ४३ आणि १० असे आडनिडे आकडे अभियंत्यांनी का निवडले असावेत, असे कोणालाही वाटेल. त्यामागे कारण आहे. दोन्ही संख्यांना समान विभाजक नसेल, तर पिनियनचा प्रत्येक दाता क्राउन व्हीलच्या प्रत्येक दात्याला आळीपाळीने भिडतो. झीज सर्वत्र सारखी होते आणि एखाद्या दात्यातील दोष त्याच त्या दात्यावर आदळत राहत नाही. ही बाब शोध घेणाऱ्याच्याही पथ्यावर पडते, कारण प्रत्येक जोडीचे गुणोत्तर वेगळे आणि ओळखू येण्याजोगे निघते.

कारखान्यातून निघालेल्या एमजीए १५०० आणि १६०० या गाड्यांना ४.३ चे गुणोत्तर होते. १९६१ मध्ये आलेल्या '१६०० मार्क टू'ला १० आणि ४१ दात्यांची, म्हणजे ४.१ ची जोडी मिळाली. इथवर प्रश्न सोपा आहे. गुंतागुंत पुढे सुरू होते. १९६२ मध्ये एमजीएची जागा घेणाऱ्या 'एमजीबी'च्या सुरुवातीच्या रोडस्टरमध्ये त्याच जातीचा 'बँजो' ॲक्सल होता; मात्र त्यात ११ आणि ४३ दाते होते, म्हणजे गुणोत्तर ३.९०९. हा डिफरन्शियलचा गाभा थोड्या फेरफाराने एमजीएमध्ये बसतो. हमरस्त्यावर इंजिनाचा आक्रोश कमी व्हावा, म्हणून असंख्य मालकांनी तो बसवून घेतला. त्यामुळे गाडीच्या कागदपत्रांवर किंवा माहितीपुस्तिकेवर विसंबून राहता येत नाही. ॲक्सलच्या बाहेरच्या कवचावरील क्रमांक कवचाचा इतिहास सांगतो. आतले गियर कोणाचे आहेत, हे तो सांगत नाही.

सर्वांत भरवशाचा उपाय म्हणजे फेरे मोजणे. त्यासाठी ॲक्सल उघडावा लागत नाही. सपाट, टणक जमिनीवर गाडी उभी करून पुढच्या दोन्ही चाकांना आणि मागच्या एका चाकाला पुढून-मागून भक्कम ठोकळे लावावेत. मागचे दुसरे चाक जॅकने उचलून ॲक्सलखाली स्टँड द्यावा. केवळ जॅकच्या भरवशावर गाडीखाली हात घालणे जिवावर बेतू शकते. गियर न्यूट्रलमध्ये आणि हँडब्रेक सुटलेला हवा. उचललेल्या चाकाच्या टायरवर व त्यासमोर मडगार्डवर, तसेच प्रोपेलर शाफ्टवर व त्याशेजारच्या स्थिर भागावर खडूने खुणा कराव्यात. एकाने चाक सावकाश फिरवावे आणि दुसऱ्याने शाफ्टचे फेरे मोजावेत.

इथेच पुष्कळांची फसगत होते. चाक एकदा फिरवले की शाफ्टचे फेरे भरतात दोनच्या थोडे पुढे, ४.३ कुठेच दिसत नाही! दोष मोजणीचा नसून डिफरन्शियलच्या स्वभावाचा आहे. एक चाक जमिनीवर थांबलेले असताना फिरणारे चाक दुप्पट फेरे घेते. म्हणून एका चाकाचे दोन फेरे म्हणजे हिशेबाचा एक फेरा. दोन्ही चाके उचलून एकच फिरवणे तर अधिक गोंधळाचे, कारण दुसरे चाक उलट दिशेने फिरू लागते आणि शाफ्टच्या फेऱ्यांना अर्थ उरत नाही. (ज्या स्पोर्ट्‌स कारमध्ये लिमिटेड स्लिप डिफरन्शियल असते, तिथे एक चाक थांबवून दुसरे फिरवता येत नाही, दोन्ही चाके उचलून बरोबरीने फिरवावी लागतात आणि मग दुपटीचा हिशेब लागत नाही. एमजीएमध्ये असे डिफरन्शियल मुळात नव्हते.)

दोन फेऱ्यांवर थांबू नये. ४.३ आणि ४.१ यांच्यातील फरक तेवढ्यात शाफ्टच्या एक पंचमांश फेऱ्याइतकाच पडतो आणि खडूची रेघ तिरपी दिसली तरी निष्कर्ष चुकतो. चाकाचे २० फेरे पूर्ण करावेत. शाफ्टचे ४३ फेरे भरले तर गुणोत्तर ४.३, ४१ भरले तर ४.१ आणि ३९ ला किंचित ओलांडून थांबले तर ३.९०९. साडेपंचेचाळीस भरले, तर त्याच घराण्यातील 'मॅग्नेट झेडबी' या सलून गाडीची ९ आणि ४१ दात्यांची जोडी आत असण्याची शक्यता मोठी. दहा मिनिटांच्या या कामाने महिन्यांचा संभ्रम मिटतो.

गाडी चालवूनही अंदाज बांधता येतो. चौथ्या गियरमध्ये इंजिन आणि शाफ्ट एकाच गतीने फिरतात. एमजीएच्या चाकाचा परीघ साधारण १.९६ मीटर भरतो. खात्रीसाठी गाडी एक फेरा ढकलून टेपने मोजावा. टॅकोमीटरवर ३००० फेरे स्थिर ठेवल्यावर उपग्रहाधारित यंत्राने वेग ताशी ८२ किलोमीटर दाखवला, तर गुणोत्तर ४.३ च्या आसपास. ८६ दाखवला तर ४.१ आणि ९० दाखवला तर ३.९. मात्र जुन्या टॅकोमीटरमधील पाच टक्क्यांची चूक ४.३ ला ४.१ भासवायला पुरेशी असते. नंतरच्या काळात पाच गियरचा गियरबॉक्स किंवा ओव्हरड्राइव्ह बसवलेला असेल, तर तो वापरात असताना ही चाचणी व्यर्थ ठरते.

याच कामासाठी गाडीचा स्पीडोमीटर तर मुळीच वापरू नये. तो गियरबॉक्सच्या मागील टोकाकडून फिरतो, म्हणजे ॲक्सलच्या अगोदर. मूळ ४.३ साठी जुळवलेला स्पीडोमीटर ३.९०९ च्या ॲक्सलबरोबर तसाच राहिला, तर गाडी प्रत्यक्षात ताशी १०० किलोमीटरने धावत असताना काटा ९१ वरच असतो. वेगमर्यादा पाळतो आहोत, अशा समजुतीत चालक ती ओलांडत राहतो. ब्रेक व टायर साठ वर्षांपूर्वीच्या धाटणीचे असलेल्या गाडीत ही चूक किरकोळ म्हणता येणार नाही. किलोमीटरची नोंदही त्याच प्रमाणात कमी होते; गाडी विकत घेणाऱ्याने तो आकडा त्या दृष्टीनेही वाचावा.

ॲक्सल अन्य कारणाने उघडायचाच असेल, तर दाते मोजण्याइतका निर्णायक पुरावा दुसरा नाही. बँजो ॲक्सलमध्ये दोन्ही बाजूंचे हाफ शाफ्ट बाहेर ओढून गाभा पुढच्या बाजूने काढावा लागतो. क्राउन व्हीलच्या एका दात्याला खडू लावून मोजणी सुरू करावी, अन्यथा ४१ आणि ४३ यांत गल्लत होतेच. क्राउन व्हील आणि पिनियन एकमेकांवर घासून जुळवलेले असतात. त्यांतील एकच भाग खराब झाला तरी जोडी पूर्ण बदलावी लागते आणि दुसऱ्या गाडीतून काढलेले सुटे पिनियन, दाते तेवढेच असले तरी, चालत नाही. नवी जोडी निराळ्या गुणोत्तराची बसवली, तर स्पीडोमीटरही त्यानुसार जुळवून घ्यावा लागतो.