हरेगावचा हिशेब : वतन गेले, देणे कोणाचे राहिले?

वस्तीवरच्या बैठकीत एक वाक्य हमखास कानावर येते : "तुम्हाला सरकारने जमिनी फुकट दिल्या, तुम्हीच टिकवल्या नाहीत." वाईट याचे वाटते की, आपली शिकलेली मुलेही आता हे खरे मानू लागली आहेत. म्हणून हा हिशेब एकदा नीट मांडला पाहिजे. त्यासाठी लांब जायला नको. आपल्याच अहिल्यानगर जिल्ह्यात, श्रीरामपूर तालुक्यातले हरेगाव पुरेसे आहे.

डिसेंबर १९३९ मध्ये हरेगावला महार-मांग वतनदारांची परिषद भरली. बाबासाहेब स्वतः आले होते. प्रश्न जुडीचा होता. वतनी जमिनीवर नेहमीपेक्षा कमी दराने जो सारा भरावा लागे, ती जुडी. सरकारने ती वाढवली होती. वरवर पाहता हा साधा कराचा प्रश्न वाटतो. पण वतनी जमीन हा महाराच्या कामाचा मोबदला होता. जुडी वाढवणे म्हणजे पगार कापणे, आणि काम मात्र पूर्वीइतकेच!

ते काम काय होते? सरकारी टपाल आणि खजिना पोहोचवणे, साऱ्याच्या वसुलीसाठी लोकांना बोलावून आणणे, गावाची राखण, आलेल्या अंमलदाराची सरबराई. वेळ-काळ नाही, रजा नाही. नेमलेला माणूस आजारी असेल तर घरातल्या दुसऱ्याने जायचे. १८७४ च्या वतन कायद्याने ही चाकरी वंशपरंपरेने गळ्यात बांधली होती. बदल्यात पिढ्यान्पिढ्या वाटण्या होऊन उरलेले जमिनीचे तुकडे आणि रयतेकडून बलुते. चाकरी सरकारची, पण बलुते द्यायचे गावाने. महाराने मान वर केली की गाव बलुते बंद करी. दाद मागायची कुठे?

बाबासाहेबांनी नेमके इथे बोट ठेवले. १९२७ मध्ये 'बहिष्कृत भारत'मधून त्यांनी महार वतनावर लेख लिहिले. मार्च १९२८ मध्ये मुंबई कायदे कौन्सिलात वतन कायद्यात दुरुस्ती करणारे बिल आणले. मागणी सरळ होती : बलुत्याचे रोख रकमेत रूपांतर करा आणि ती साऱ्याबरोबर सरकारनेच वसूल करून द्या. ज्याला चाकरी नको असेल त्याला पूर्ण सारा भरून जमीन ठेवता आली पाहिजे. गावाच्या मर्जीवर असलेले देणे त्यांना कायदेशीर हक्कात बदलायचे होते. विरोध इतका झाला की १९२९ मध्ये बिल मागे घ्यावे लागले. पण लढा थांबला नाही. हरेगावनंतर ऑगस्ट १९४१ मध्ये सिन्नरला परिषद झाली, करबंदीची हाक दिली गेली, बाबासाहेब गव्हर्नरांना भेटले आणि सरकारला तो वाढीव भार रद्द करावा लागला.

पुढे १९५८ चा कनिष्ठ गावकामगार वतने रद्द करणारा कायदा झाला आणि १ ऑगस्ट १९५९ पासून लागू झाला. वतन गेले, हे चांगलेच झाले. ती बाबासाहेबांचीच मागणी होती. पण जमिनीचे काय? ती आधी सरकारजमा झाली. मग साऱ्याच्या तिप्पट रक्कम भरणाऱ्या वतनदाराला ती परत मिळणार होती, तीही 'नव्या शर्ती'वर. म्हणजे कलेक्टरच्या परवानगीशिवाय विकायची नाही.

कोणी म्हणेल, रक्कम किरकोळ होती आणि इतर वतने रद्द होतानाही अशी रक्कम घेतली गेली. बरोबर आहे. पण प्रश्न रकमेच्या आकड्याचा नाही. कित्येक पिढ्यांच्या वेठीची किंमत सरकारने कधी मोजलीच नाही. उलट, जिच्यावर घाम गाळला तिच्यासाठी पैसे मागितले. त्याच वर्षांत माजी संस्थानिकांना घटनेच्या कलम २९१ प्रमाणे तनखे मिळत होते. ते १९७१ साली २६ व्या घटनादुरुस्तीने बंद झाले. राजाचे देणे सरकारला मान्य होते, येसकराचे कोणाच्या वहीत नव्हते. मग 'फुकट' काय मिळाले?

हा इतिहास जुना झालेला नाही. एका कुटुंबाबरोबर मी स्वतः सरकारी कार्यालयाच्या पायऱ्या झिजवल्या आहेत. त्यांची वतनी जमीन रस्त्यात गेली. सातबाऱ्यावर नाव मात्र वारलेल्या आजोबांचेच. वारसनोंद नाही, म्हणून मोबदला अडकला. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात मोबदल्यावर शंभर टक्के दिलासा रक्कम आहे, पण ती कागदावर ज्याचे नाव आहे त्यालाच मिळते.

ऑगस्ट २०२३ मध्ये याच हरेगावात चोरीच्या संशयावरून आपल्या मुलांना उलटे टांगून मारले गेले. अशा वेळी ॲट्रॉसिटी कायद्याच्या १९९५ च्या नियमांतील १२(४) प्रमाणे मिळणारी मदत हा कायद्याने ठरवलेला हक्क आहे. २०१६ च्या दुरुस्तीनुसार खुनाच्या गुन्ह्यात ही रक्कम सव्वाआठ लाख आहे : निम्मी शवविच्छेदनानंतर, निम्मी दोषारोपपत्र कोर्टात गेल्यावर. तिच्यासाठी शिक्षा होईपर्यंत थांबावे लागत नाही. शिवाय अवलंबितांना पेन्शन, नोकरी, मुलांचे शिक्षण यांचीही तरतूद आहे. तरीही गावात "यांना पैसे मिळतात" असे म्हटले की आपण खाली मान घालतो. का घालायची?

मित्रांनो, १४ एप्रिलची वर्गणी गोळा करायला घरोघरी जाताच, तेव्हा एक वही बरोबर ठेवा. कोणाची वतनी जमीन होती, गाव नमुना १-क मध्ये ती दिसते का, फेरफार काय झाले, वारस लागले का, हे लिहून घ्या. हरेगावला बाबासाहेबांनी मेहरबानी मागितली नव्हती, हिशेब मागितला होता. त्यातली आपल्या गावाची बाकी काढायचे काम आपले आहे.

जय भीम!