चोवीस आऱ्यांची जाळी

पॉलिमर क्लेचा छंद आता आपल्याकडेही बराच रुजलाय. मऊ क्ले लाटायची, वर बारीक जाळीचा स्क्रीन ठेवायचा, रंग ओढायचा आणि ओव्हनमध्ये भाजायची. कानातली तयार! बाजारात तयार स्क्रीन मिळतात, पण खरी मजा स्वतःचं डिझाईन करण्यात. जाळीवर अंधारात इमल्शन लावायचं, वर काळ्या डिझाईनची फिल्म ठेवून प्रकाश द्यायचा. उजेड लागला तिथे इमल्शन कडक होतं, काळ्याखाली मऊ राहतं आणि पाण्यात निघून जातं. तेवढ्याच भागातून रंग उतरतो. गावोगावी लग्नपत्रिका छापणाऱ्यांनी वर्षानुवर्षं हेच केलंय.

मँचेस्टरच्या सॅम्युअल सायमनने १९०७ साली रेशमी जाळीच्या छपाईचं पेटंट घेतलं. पुढे रेशीम गेलं, नायलॉन-पॉलिएस्टर आलं, नाव मात्र 'सिल्क स्क्रीन'च राहिलं.

आता हाच स्क्रीन घेऊन मराठवाड्यात येऊ. इथल्या छपाईतलं सगळ्यात मोलाचं डिझाईन असं आहे, की त्यात स्वतःचं काहीच घालायचं नाही. अशोकचक्र!

लातूर जिल्ह्यातल्या उदगीरला खादी विणली जाते. धुलाई-रंगाईसाठी ती अहमदाबादला जाते आणि परत येते नांदेडला, मराठवाडा खादी ग्रामोद्योग समितीकडे. तिथे चक्र छापतात, तीन पट्टे शिवतात आणि तिरंगा तयार होतो.

आपल्या भाषेत सांगायचं तर स्पेसिफिकेशन एकदम कडक. प्रमाणित आकार नऊ. सगळ्यात मोठा झेंडा ६३०० बाय ४२०० मिलिमीटर, त्यावर १२९५ मिलिमीटरचं चक्र. सगळ्यात छोटा १५० बाय १००, त्यावर फक्त २५चं. आरे चोवीस, म्हणजे दर १५ अंशांवर एक. शिवाय चक्र दोन्ही बाजूंनी सारखं दिसायला हवं. मागून छापताना कापड जरा सरकलं की आरे दुहेरी दिसणार. इथे 'अनडू' नाही :-)

आणि हे काम इथे होतं याला वेगळाच अर्थ आहे. २२ जुलै १९४७ रोजी संविधान सभेने हा ध्वज स्वीकारला, तेव्हा नांदेड आणि उदगीर निजामाच्या राज्यात होते. तिथे तिरंगा फडकवायला बंदी होती. १५ ऑगस्टला देश स्वतंत्र झाला आणि त्याच दिवशी हैदराबादेत स्वामी रामानंद तीर्थांना अटक झाली. मराठवाडा मोकळा झाला १७ सप्टेंबर १९४८ रोजी. ज्या मुलखात हे चक्र फडकवणं गुन्हा होता, तिथेच ते आता छापलं जातं.

पण ३० डिसेंबर २०२१ च्या दुरुस्तीने ध्वजसंहितेत पॉलिएस्टरच्या आणि मशीनवर बनवलेल्या झेंड्यांनाही परवानगी मिळाली. झेंडा स्वस्त झाला, घरोघरी पोचला. हे चांगलंच. पण सूत कातणारे, विणणारे, छापणारे हात किमतीच्या शर्यतीत यंत्राला कसे पुरणार? एकदा हे हात दुसऱ्या कामाला लागले की नुसत्या स्पेसिफिकेशनवरून ते परत उभे करता येत नाहीत.

तेव्हा क्लेवर हवी तेवढी नवी डिझाईन्स करा. पुढच्या ऑगस्टमध्ये झेंडा घ्याल तेव्हा मात्र एक खादीचा घ्या. उलटून दोन्ही बाजूंचे आरे जुळतात का बघा. जुळले, तर कुणाचा तरी हात स्थिर होता म्हणून.