घरगुती संगणक सुरक्षा व लिनक्स : मुंबई उपनगरे

घरच्या संगणकाला व्हायरस, माहितीचोरी व फसवणूक यांपासून जपण्याच्या पद्धती, आणि त्यांतलाच एक उपाय म्हणून विंडोजच्या जागी किंवा विंडोजच्या जोडीला लिनक्स ही मुक्त संगणकप्रणाली वापरून पाहण्याचा प्रघात. भारतीय लिप्या लिनक्सवर आणण्याचे पायाभूत काम जुहूला झाले. लिनक्स शिकवण्याची साधने पवईला तयार झाली आणि मुक्त सॉफ्टवेअरच्या विचाराला मानखुर्दमध्ये बळ मिळाले. ही तिन्ही ठिकाणे मुंबई उपनगर जिल्ह्यातली असल्याने या नोंदीत त्या जिल्ह्याचा विशेष विचार केला आहे.

प्रारंभ : भारतात आढळलेल्या आरंभीच्या व्हायरसांपैकी ‘जोशी’ हा १९९० मध्ये उघडकीस आला. फ्लॉपीतून तो संगणकाच्या आरंभकक्षात (बूट सेक्टर) शिरे. दर वर्षी ५ जानेवारीला यंत्र अडवून तो ‘हॅपी बर्थडे जोशी’ असे टंकायला लावी आणि तसे टंकल्यावरच काम पुढे सरके. त्याच दशकात पुण्यात कैलास व संजय काटकर या बंधूंनी दुरुस्तीला येणाऱ्या बाधित यंत्रांसाठी व्हायरस काढण्याची साधने लिहिली. त्यांतून ‘क्विक हील’ हे उत्पादन उभे राहिले. महाराष्ट्रातल्या असंख्य घरांत संगणक सुरक्षा म्हणजे वर्षाला एकदा नूतनीकरण करायचे अँटिव्हायरस, एवढीच कल्पना पुढे रुजली.

उपनगरांतले बहुतेक घरगुती संगणक लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून जुळवलेले असत. त्यांवरचे विंडोज बहुधा परवान्याविना घातलेले असे. परवान्याची सूचना पडद्यावर झळकेल या भीतीने जुळवणारा स्वयंचलित अद्यतन बंद करून ठेवी. पुढच्या दुखण्यांचे मूळ इथे आहे.

इमारतीचे जाळे : २००० नंतरच्या दशकात केबलवाल्यांनी गच्चीवरून तारा टाकून इंटरनेट दिले, तेव्हा अनेक ठिकाणी एका इमारतीतले, कधी शेजारच्या इमारतींतलेही संगणक एकाच स्थानिक जाळ्यात आले. शेजाऱ्यांचे सामायिक फोल्डर सहज उघडत. ११ ऑगस्ट २००३ रोजी पसरू लागलेल्या ‘ब्लास्टर’ या किड्याला अशी रचना फारच सोयीची होती. कोणी काही उघडण्याची गरज नव्हती, यंत्र जाळ्यात असणे पुरेसे होते. पडद्यावर साठ सेकंदांची उलटी गणती सुरू होई व संगणक बंद पडून पुन्हा चालू होई. ज्या त्रुटीतून तो शिरे तिची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने महिनाभर आधीच दिली होती, पण अद्यतन बंद असलेल्या यंत्रांपर्यंत ती पोचलीच नाही. ऑगस्ट २००४ मधील विंडोज एक्सपीच्या दुसऱ्या सर्व्हिस पॅकपासून फायरवॉल मुळातच चालू येऊ लागली.

पेन ड्राइव्ह : झेरॉक्सचे दुकान, सायबर कॅफे आणि कॉलेजची प्रयोगशाळा या तीन ठिकाणांहून व्हायरस घरी येई. पेन ड्राइव्हवर ‘ऑटोरन’ ही छोटी फाइल बसे. मूळ फोल्डर लपवले जात आणि त्यांच्याच नावाची, फोल्डरचेच चित्र लावलेली प्रोग्राम फाइल पुढे येई. फोल्डर समजून तिच्यावर दोनदा टिचकी मारली की बाधा झालीच. तोच ड्राइव्ह लिनक्सवर लावला तर लपवलेले फोल्डर दाखवता येतात, बनावट फाइलीचा ‘ईएक्सई’ हा शेपटीचा भाग उघड दिसतो आणि ती चालत नाही. ‘फाइली उडाल्या’ म्हणून रडकुंडीला आलेल्या विद्यार्थ्याचा प्रकल्प अशा रीतीने जसाच्या तसा परत मिळू शके. लिनक्सची उपयुक्तता पटवायला यापेक्षा चांगले प्रात्यक्षिक क्वचितच सापडेल. अर्थात न पुसलेली बनावट फाइल ड्राइव्हवर तशीच राहते आणि पुढच्या विंडोज यंत्राला बाधू शकते.

जुहू : नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी, म्हणजे एनसीएसटी, ही संस्था टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील केंद्रातून १९८५ मध्ये स्वतंत्र झाली. श्रीनिवासन रमणी तिचे संचालक होते आणि जुहूच्या गुलमोहर क्रॉस रोडवर तिचे मुख्यालय होते. ‘अर्नेट’ या शैक्षणिक जाळ्याच्या उभारणीत तिचा मोठा वाटा आहे. ‘डॉट इन’ नावांची नोंदही बराच काळ याच संस्थेकडे होती. प्रस्तुत विषयात तिचे महत्त्वाचे काम म्हणजे ‘इंडिक्स’. लिनक्सवर एकेका प्रोग्रामला देवनागरी शिकवत बसण्याऐवजी पडद्यावर खिडक्या रेखाटणाऱ्या ‘एक्स विंडो’ या मूळ थरातच भारतीय लिप्यांची जुळणी घालायची, अशी ही कल्पना होती. पुढे जगभर वेगळा मार्ग रूढ झाला आणि अक्षरजुळणीचे काम ‘पँगो’ व ‘हार्फबझ’ यांसारख्या सामायिक संचांकडे गेले. त्यामुळे इंडिक्स मागे पडले. तरीही देवनागरीची गरज तळाच्या थरात भागवली पाहिजे, हा त्याचा आग्रह योग्य होता.

या प्रकल्पासाठी लागणारा टंक प्रा. र. कृ. जोशी (१९३६–२००८) यांनी दिला. सुलेखनकार, कवी आणि पवईच्या आयआयटीतील औद्योगिक अभिकल्प केंद्राचे अध्यापक असलेले जोशी नंतर एनसीएसटीत काम करत होते. विंडोज २००० पासून घरोघरी पोचलेला ‘मंगल’ हा देवनागरी टंक त्यांचाच. ‘रघू’ हा लिनक्ससाठीचा टंकही त्यांनीच घडवला, आणि तो जीपीएल या मुक्त परवान्याखाली दिला गेल्याने कोणालाही त्याच्या प्रती काढण्याची व त्यात बदल करण्याची मुभा मिळाली. एकाच मराठी माणसाच्या हातची अक्षरे दोन प्रतिस्पर्धी प्रणालींवर एकाच काळात उमटत होती, ही गोष्ट संगणकाच्या मराठी इतिहासात ठळकपणे नोंदवायला हवी. टंक म्हणजे नुसती चित्रे नव्हेत. रफार योग्य जागी बसावा, ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ यांत गफलत होऊ नये, यासाठीचे नियमही त्यात भरावे लागतात. मराठी वळणाचा ‘ल’ व देठाचा ‘श’ यांची गैरसोय मात्र ‘मंगल’वर बराच काळ राहिली. २००४ मध्ये रेड हॅटने ‘लोहित’ हे टंक खुले केले, आणि त्या मालिकेत पुढे मराठीसाठी वेगळा टंक निघाला. एनसीएसटी २००३ च्या सुमारास सी-डॅकमध्ये विलीन झाली.

पवई : आयआयटीतील ‘स्पोकन ट्युटोरियल’ हा प्रा. कन्नन मौद्गल्य यांच्या पुढाकाराचा प्रकल्प केंद्र सरकारच्या राष्ट्रीय शिक्षण मोहिमेच्या निधीवर उभा राहिला. लिनक्स, लिबरऑफिस इत्यादींचे साधारण दहा मिनिटांचे पाठ त्यात आहेत व त्यांतले पुष्कळ मराठी निवेदनासह आहेत. पाठ एका खिडकीत व प्रत्यक्ष काम दुसऱ्या खिडकीत, अशी त्याची पद्धत आहे. घरी एकट्याने शिकणाऱ्या मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्याला इतके सुबोध साधन दुसरे नाही.

मानखुर्द : इथल्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रातील नागार्जुन जी. हे मुक्त सॉफ्टवेअरचा पुरस्कार करणाऱ्या फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन ऑफ इंडियाचे अध्यक्ष होते.

वापरून पाहण्याची रीत : प्रारंभी मासिकांबरोबर येणाऱ्या सीडी हाच लिनक्सचा मुख्य स्रोत होता. पुढे उबुंटूच्या सीडी काही वर्षे टपालाने फुकट येत. आता प्रतिमा-फाइल उतरवून ती पेन ड्राइव्हवर चढवतात. उतरवलेल्या फाइलीची बेरीज-खूण (चेकसम) संकेतस्थळावरच्या खुणेशी ताडून पाहावी. ही पायरी बहुतेक जण गाळतात, पण सुरक्षेच्या नावाने हा खटाटोप करायचा तर ती गाळून चालणार नाही. यंत्र चालू करताना एफ१२ किंवा त्या यंत्राची जी कळ असेल ती दाबून पेन ड्राइव्हवरून प्रणाली सुरू होते व डिस्कला हात न लावता चालते. वाय-फाय, आवाज, प्रिंटर आणि इनस्क्रिप्ट कळफलक एवढे तपासून घ्यावे. इनस्क्रिप्टची मांडणी दोन्ही प्रणालींवर एकच असल्याने मराठी टंकणाऱ्याची बोटे अडखळत नाहीत. डिस्कवर बसवण्याआधी सर्व फाइलींची वेगळी प्रत आणि बिटलॉकर या विंडोजच्या डिस्क-कुलपाची पुनःप्राप्ती-किल्ली कागदावर, या दोन गोष्टी हाताशी असायलाच हव्यात.

अडचणी : मुलुंड, घाटकोपर, बोरिवलीकडे घरातूनच लग्नपत्रिका, अहवाल, दिवाळी अंक यांची अक्षरजुळणी करणारे अनेक जण आहेत. त्यांचे काम श्रीलिपी, आकृती यांसारख्या युनिकोडपूर्व टंकांत, पेजमेकर किंवा कोरलड्रॉमध्ये साठलेले आहे. तो मजकूर लिनक्सवर उघडला तर निरर्थक रोमन अक्षरांची रांग दिसते. युनिकोडमध्ये रूपांतर करता येते, पण जोडाक्षरे तपासत बसावे लागते. हिशेब लिहिणाऱ्यांना टॅली सोडवत नाही. डिजिटल स्वाक्षरीच्या यूएसबी टोकनची साधनेही बहुधा विंडोज डोळ्यांपुढे ठेवून केलेली असतात. लिनक्स घरोघरी न पोचण्याचे खरे कारण हे आहे. त्याला ‘अवघड’ म्हणून नावे ठेवणे अन्यायाचे आहे.

सुरक्षेविषयी मतभेद : लिनक्स मुळातच अधिक सुरक्षित आहे, की घरगुती वापर थोडा असल्याने हल्लेखोरांचे त्याकडे लक्ष कमी आहे, यावर तज्ज्ञांत एकमत नाही. रोजच्या कामासाठी प्रशासकाचे अधिकार न वापरणे व प्रोग्राम अधिकृत भांडारातूनच घेणे या त्याच्या सवयी हितकारक आहेत, हे सर्वमान्य आहे. ओटीपी काढून घेणारा फोन, वीज तोडण्याची धमकी देणारा खोटा संदेश, ‘डिजिटल अटके’चा बनाव यांपुढे कोणतीही प्रणाली उपयोगी पडत नाही.

कायदा व तक्रार : सायबर गुन्ह्यांना माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० लागू होतो; फसवणुकीची तक्रार १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर करता येते.

सद्यःस्थिती : केंद्र सरकारच्या ‘सर्ट-इन’ने २०१७ मध्ये सायबर स्वच्छता केंद्र सुरू केले. तिथे बाधा काढण्याची साधने मोफत मिळतात. विंडोज ७ चा आधार १४ जानेवारी २०२० रोजी आणि विंडोज १० चा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप व तुलनेने नवा प्रोसेसर लागतो, त्यामुळे धडधाकट असूनही अनेक घरगुती यंत्रे अद्यतनाविना राहिली आहेत. ज्या घरात काम ब्राउझर, युनिकोड मराठी आणि पत्रलेखन एवढेच आहे, तिथे अशा यंत्रावर लिनक्स बसवणे हाच शहाणपणाचा मार्ग आहे. ज्यांची रोजीरोटी जुन्या टंकांवर किंवा टॅलीवर आहे त्यांनी ते यंत्र त्या कामापुरतेच ठेवावे, इंटरनेटची जोडणी काढून टाकावी आणि बँकेचे व्यवहार दुसऱ्या, अद्ययावत यंत्रावरून करावेत.