कोंदण आधी की मणी आधी?

पितळेचे एक जुने बटण आहे आणि त्याच्या मधोमध निळ्या काचेचा मणी. बटण ओततानाच मणी साच्यात ठेवला असेल, की नंतर बसवला असेल? इतिहासाचा हा प्रश्न विज्ञानाच्या तासालाही विचारता येतो.

मेणाच्या प्रतिकृतीवर मातीचे लेप द्यायचे, साचा तापवून मेण काढायचे आणि पोकळीत धातूचा रस ओतायचा, ही आपल्याकडची जुनी रीत. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ या ग्रंथात तिचे वर्णन आहे. मेण तोलून त्या प्रमाणात धातू घ्यावा, असे तो सांगतो. हे गणित घनतेचे आहे. मेणाची घनता सुमारे ०.९६, पितळेची ८.५, म्हणून १० ग्रॅम मेणाच्या जागी जवळपास ८९ ग्रॅम पितळ लागते.

ही रीत आजही चालू आहे. यवतमाळ जिल्ह्यातील मारेगावच्या दक्षिणेला पैनगंगेपलीकडे आदिलाबादचा मुलूख आहे. तिथले वोज कारागीर मेणाचे दोरे वळून घंटा आणि मूर्ती ओततात. ‘आदिलाबाद डोक्रा’ या नावाने या कलेला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले.

आता मण्याकडे वळू. पितळ ९०० अंश सेल्सिअसच्या वर वितळते. साधी काच ७०० अंशांच्या आसपासच मऊ पडते. पितळेच्या रसात मणी तडकेल किंवा बेढब होईल. म्हणून मेणातच मण्याएवढा खळगा ठेवणे बरे. तो धातूत जसाच्या तसा उतरतो. मग थंड कोंदणात लाखेने मणी बसवता येतो.

कल्हईच्या कथलाची गोष्ट वेगळी. ते २३२ अंशांनाच वितळते, त्यामुळे आधी गरम केलेला मणी साच्यात ठेवला तरी टिकू शकतो. निवताना कथील काचेपेक्षा जास्त आकसते आणि मण्याला आवळून धरते. काच ताणाला कच्ची, पण दाबाला भक्कम असते.

काळाच्या ओघात लाख झडते, मणी निखळतो आणि हाती रिकामे कोंदण येते. ते मोडके म्हणून टाकून दिले, तर कारागिराने उष्णता ओळखून ठरवलेला कामाचा क्रमही त्याबरोबर जातो. मेण, लाख, कथील, काच, पितळ यांचा वितळण्याचा किंवा मऊ होण्याचा क्रम विद्यार्थ्यांना लावू द्या. बटणाची कृती मग त्यांची तीच सांगतील.