क्लच बाबांचा, गिअर अण्णांचा

जग ‘हाताने’कडून ‘आपोआप’कडे चालले आहे, असे जाणकार सांगतात. रहाट गेला, पंप आला. आमच्या बँकेतली लेजरे गेली, संगणक आले. पूर्वी चूक करायला निदान कारकून लागत असे, आता तीही आपोआप होते. इतिहासाची ही दिशा मला मान्य आहे. फक्त आमच्या घरचा इतिहास १९८६ साली उलट दिशेने गेला, एवढे नोंदवून ठेवावेसे वाटते. आपोआप चालणारी एकच वस्तू आमच्या घरात होती. ती आम्ही रोख पैसे मोजून हाताने चालणारी करून घेतली.

ती वस्तू म्हणजे अण्णांची, म्हणजे माझ्या आजोबांची, मोटार. अमेरिकन, जुनी, आणि इतकी रुंद की पनवेलच्या आमच्या गल्लीत वळली की ओट्यांवर बसलेली मंडळी पाय वर घेत. कंपनीचे नाव सांगत नाही. गेलेल्या माणसाबद्दल आणि विकलेल्या मोटारीबद्दल वाईट बोलू नये. तर या मोटारीला क्लच नव्हता. गिअर आपले आपण पडत.

गिअर म्हणजे काय, हे पनवेलकराला खरे तर सांगावे लागू नये. रेल्वे येण्यापूर्वी मुंबईहून पुण्याला निघालेला माणूस होडीने पनवेलच्या बंदरात उतरे आणि पुढे बोरघाट चढे. १८३० साली, माल्कम गव्हर्नर असताना, घाटात गाडीरस्ता झाला आणि बैलगाड्या वर जाऊ लागल्या. गाडीची चाके करण्याबद्दल पनवेलचे नाव होते. आता बैल तेच, ओझे तेच आणि समोर चढ. मग काय करायचे? जास्तीची जोडी जुंपायची. मोटारीच्या इंजिनाला जास्तीची जोडी जुंपता येत नाही. म्हणून चढावर वेग देऊन जोर घ्यायचा, सपाटीला जोर देऊन वेग घ्यायचा, हा जो व्यवहार त्याचे नाव गिअर. वाणिज्य शाखेचा पदवीधर म्हणून सांगतो, हे निव्वळ डेबिट-क्रेडिट आहे. आणि क्लच म्हणजे हा व्यवहार चालू असताना ‘काउंटर बंद आहे’ ही पाटी.

ही पाटी लावायचा कंटाळा आलेल्या माणसांनी पुढचा इतिहास घडवला. हर्मन फ्योटिंगर नावाच्या जर्मन इंजिनियराने १९०५ साली द्रवातून शक्ती पोचवण्याच्या युक्तीचे पेटंट घेतले. समोरासमोर दोन पंखे, मध्ये द्रव. एक फिरला की धारेच्या रेट्याने दुसरा फिरतो, आणि दोघे एकमेकांना शिवतसुद्धा नाहीत. त्याला ही युक्ती बोटींसाठी हवी होती. ती पुढे मोटारीत आली. १९३९ साली जनरल मोटर्सने पुढल्या वर्षाच्या ओल्ड्समोबिल गाडीत ‘हायड्रामॅटिक’ नावाचा गिअरबॉक्स देऊ केला. चार गिअर, चारही आपोआप, क्लचचे पेडलच नाही. जादा आकार ५७ डॉलर. महायुद्धात तो रणगाड्यांतसुद्धा बसला. युद्ध संपल्यावर अमेरिकेत डाव्या पायाला रजा देण्याची साथच आली.

आपल्याकडे ही साथ आली नाही. याच जनरल मोटर्सने १९२८ साली मुंबईत शिवडीला कारखाना काढला होता; भाग परदेशातून आणायचे आणि इथे जुळवायचे. पण १९५३ साली सरकारने धोरण ठरवले, की मोटार इथे खरोखर बनवणाऱ्यांनीच राहावे, नुसती जुळवाजुळव नको. १९५४ साली शिवडीचा कारखाना बंद झाला. पुढे राहिल्या त्या कुर्ल्याची फियाट, कलकत्त्याजवळची अँबॅसिडर आणि मद्रासची स्टँडर्ड. तिन्ही क्लचवाल्या. ज्या थोड्या ऑटोमॅटिक गाड्या देशात होत्या त्या बाहेरून आलेल्या, आणि त्यांचे सुटे भाग आयात परवान्याच्या भिंतीपलीकडे.

अण्णांनी १९६६ साली असली मोटार सेकंडहँड घेतली ती हौसेने नव्हे. लहानपणी भाताच्या गाडीवरून पडल्यापासून त्यांचा डावा पाय गुडघ्यात वाकत नसे, आणि क्लचचे पेडल नेमके डाव्या पायाला असते. म्हणजे देशात बनणाऱ्या तिन्ही मोटारींनी अण्णांना मुलाखतीशिवाय नापास केले होते. रस्त्याने चालताना अण्णा लंगडत. मोटारीत बसले की नसत. हे मला फार उशिरा कळले.

वीस वर्षे त्यांनी ती एकट्याने चालवली. बाबांना स्टिअरिंगला हात लावू दिला नाही. बाबा पाटबंधारे खात्यात होते, खात्याची जीप चालवत. पण “सरकारी वस्तूवर शिकलेला हात माझ्या गाडीला नको,” हे अण्णांचे मत. दोघांत भांडण नव्हते. भांडायला बोलावे लागते.

१९८६ च्या मे महिन्यात पुण्याला लग्नाला जाताना बोरघाटात, शिंगरोबाच्या देवळाच्या अलीकडे, इंजिन ओरडू लागले आणि गाडी जागची हलेना. घाटाची वाट साहेबाला दाखवणारा तो धनगर. येणारेजाणारे आजही त्याच्यापुढे नाणे टाकतात. आजीने आठ आणे टाकले. मी आठ वर्षांचा होतो. देवाने जोर लावावा म्हणून माझे चार आणेही टाकले. शेवटी एका ट्रकवाल्याने आम्हाला दोरीने खोपोलीपर्यंत उतरवले.

पनवेलच्या मिस्तरींनी गिअरबॉक्स उघडला. आत तेलाच्या वाटांचे असे भुयार होते, की अभिमन्यूनेही बाहेरूनच नमस्कार केला असता. मिस्तरी बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, “अण्णा, मी हे उघडू शकलो, एवढंच पुष्कळ झालं.” आतल्या पट्ट्या जळल्या होत्या. नव्या मिळणार नव्हत्या. मग त्यांनी बाबांकडे पाहून हळूच सुचवले, “साहेब, जीपचा गिअरबॉक्स बसतो.”

पुढचे दोन महिने मी शाळा सुटली की गॅरेजमध्ये असे. कुर्ल्याच्या भंगारातून जीपचा तीन गिअरचा डबा आला. तेलाचे पंखे निघाले, त्या जागी फ्लायव्हील आणि क्लचप्लेट बसली. अमेरिकन इंजिन आणि जीपचा डबा यांची भोके जुळेनात. म्हणून मध्ये लेथवर काढलेली जाड पोलादी चकती घातली. मागचा लांब शाफ्ट कापून, वेल्डिंग करून, मापात आणला. पायाशी पत्रा कापून तिसरे पेडल लावले आणि तळाला भोक पाडून गिअरचा दांडा वर काढला. खर्च साडेसहा हजार. तो बाबांनी भविष्यनिर्वाह निधीतून काढला, आणि अण्णांना संशय आला की हे सत्तांतर आहे.

संशय चुकीचा नव्हता. गाडी तयार झाली त्या दिवशी अण्णा तिच्याभोवती एक फेरी मारून आले, खिडकीतून ते तिसरे पेडल पाहिले आणि काही बोलले नाहीत. बाबा स्टिअरिंगपुढे बसले. त्यांच्या चेहऱ्यावर मला आनंद दिसेल असे वाटले होते. तो दिसला नाही. अण्णा दुसऱ्या बाजूने चढले आणि बाबांच्या शेजारी बसले. अमेरिकन गाडीची पुढची सीट सलग, दांडा बरोबर मध्ये. अण्णांनी त्याच्या मुठीवर उजवा हात ठेवला.

“क्लच तू दाब,” ते म्हणाले, “गिअर माझा.”

बाबांनी तोंड उघडले, मिटले, आणि क्लच दाबला.

बँकेत याला जॉइंट ऑपरेशन म्हणतात. दोघांच्या सह्या असल्याशिवाय खाते हलत नाही. मोटारीच्या जगात ही पद्धत रूढ का नाही, हे पहिल्या दिवशीच कळले. अण्णा बाबांच्या आधी सही करत. कर्रर्र असा आवाज होई आणि गल्लीतली कुत्री उठून जात. पहिला गिअर तर गाडी पूर्ण थांबल्याशिवाय पडतच नसे. तेव्हा चढावर चुकलात तर थांबा, मान खाली घाला आणि पुन्हा सुरुवात करा. पण महिन्याभरात पद्धत बसली.

“दाबलास?”

“दाबला.”

“टाकला. सोड.”

आधीच्या चाळीस वर्षांत दोघे मिळून बोलले नसतील एवढे पुढच्या सात वर्षांत बोलले. शब्द चारच असले तरी आवृत्त्या किती निघाल्या! पुढे पुढे “दाबलास?” हा प्रश्नही गळाला. अण्णा इंजिनाचा आवाज ऐकत, बाबा अण्णांचा हात पाहत. मागच्या सीटवरून मला गिअर पडलेला कळत नसे. ऑटोमॅटिक ती हीच.

१९९३ साली अण्णा गेले. दिवस झाल्यावर बाबांनी गाडी काढली. मी मागेच बसलो, सवयीने. खात्याच्या जीपवर त्यांनी असला दांडा हजारदा टाकलेला. पण कोपऱ्यावर पहिला सोडून दुसरा घ्यायची वेळ आली, त्यांनी क्लच दाबला आणि ते नुसते थांबून राहिले. मागून रिक्षावाले ओरडू लागले. मग त्यांनी डावा हात दांड्यावर नेला. गाडी त्याच महिन्यात विकली. जॉइंट खात्यात मागे राहणाऱ्याला ‘सर्व्हायव्हर’ म्हणतात. फॉर्मवर तो शब्द फार बारीक छापलेला असतो.

परवा मीही क्लच नसलेली मोटार घेतली. आपल्याकडे २०१४ साली मारुतीच्या सेलेरिओबरोबर हा स्वस्त प्रकार आला. त्याला एएमटी म्हणतात. तेलाचे पंखे, भुयार यांतले त्यात काही नाही. गिअरबॉक्स साधा, हाताचाच, क्लचही साधाच. फक्त तो दाबायला एक यांत्रिक पाय आणि गिअर टाकायला एक यांत्रिक हात बसवलेला असतो. शोरूममधल्या मुलाने हे नवे तंत्रज्ञान म्हणून समजावून सांगितले. मी त्याला काही बोललो नाही.

या गाड्यांबद्दल लोकांची एक तक्रार असते. गिअर बदलताना मध्ये क्षणभर गाडी अडखळते, जणू आत कुणी कुणाची वाट पाहत आहे. बायको म्हणाली, दाखवून घ्या. मी म्हटले, राहू दे. तेवढ्यात आत दाबलास, टाकला, सोड होत असते. त्याला वेळ लागायचाच.