शेजाऱ्याची ग्वाही

अमेरिकेच्या उत्तर सीमेवर, कॅनडाला लागून, मिनेसोटा नावाचे राज्य आहे. सरोवरांचा, गव्हाच्या शेतांचा आणि कडक हिवाळ्याचा हा प्रदेश. १९७३ साली ह्या राज्याच्या विधिमंडळाने एकाच अधिवेशनात दोन कायदे संमत केले. एक व्यसनी माणसाच्या उपचारखर्चाविषयी होता. दुसरा मतदारांच्या नोंदणीविषयी. वरवर पाहता ह्या दोन विषयांचा परस्परांशी काही संबंध दिसत नाही. परंतु पुढील पन्नास वर्षांचा इतिहास पाहिला म्हणजे दोन्ही कायद्यांच्या मुळाशी एकच प्रश्न होता असे ध्यानात येते : समाजाच्या कडेला गेलेल्या माणसाला आपला म्हणावयाचे की नाही?

दारूशी मिनेसोटाचे नाते जुने आणि कडू आहे. १९२० ते १९३३ ह्या काळात साऱ्या अमेरिकेत दारूबंदी होती. तिच्या अंमलबजावणीचा कायदा ज्याच्या नावाने ओळखला जातो, तो अँड्र्यू व्होल्स्टेड हा मिनेसोटाचाच काँग्रेस-सदस्य. दारूबंदी उठली, परंतु दारुडा होता तेथेच राहिला. रस्त्यात झिंगून पडलेल्या माणसाला पोलिसांनी उचलावे, न्यायाधीशाने शिक्षा सुनावावी आणि सुटल्यावर पुन्हा त्याच रस्त्यावर त्याने पडावे, असे रहाटगाडगे चालू होते.

ह्या रहाटगाडग्याला पहिला अटकाव कायद्याने नव्हे, तर रुग्णालयाने केला. विलमार ह्या गावी १९१२ पासून मद्यासक्तांसाठी सरकारी रुग्णालय होते. १९५० च्या सुमारास तेथील डॉक्टर नेल्सन ब्रॅडली आणि मानसशास्त्रज्ञ डॅनियल अँडरसन ह्यांनी मद्यासक्तांच्या विभागाची कुलुपे काढून टाकली. इतकेच नव्हे, तर स्वतः व्यसनातून बाहेर पडलेल्या माणसांना त्यांनी रुग्णांचे सल्लागार म्हणून नेमले. १९५४ साली राज्याच्या नोकरशाहीत अशा सल्लागाराचे पदच निर्माण झाले. कालपर्यंत ज्याला कोणी दारात उभे करीत नव्हते, त्याच्या अनुभवाला सरकारदरबारी मोल आले. १९५६ साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनने मद्यासक्ती हा आजार असल्याचे मान्य केले. १९६९ मध्ये मिनेसोटाच्या सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, जुनाट मद्यासक्त माणूस स्वेच्छेने पितो असे म्हणता येत नाही, सबब त्याला झिंगल्याबद्दल गुन्हेगार ठरविता येणार नाही.

आजार मानला, तर उपचार आले. आणि उपचार म्हटले की खर्च आला. अमेरिकेत बहुतेकांचा औषधोपचाराचा खर्च मालकाने काढलेल्या सामुदायिक विम्यातून भागतो. व्यसनाने यकृत बिघडले तर विमा कंपनी रुग्णालयाचे बिल भरी. मूळ व्यसनाच्या उपचारासाठी मात्र हात आखडता घेई. १९७२ च्या निवडणुकीत राज्याच्या इतिहासात प्रथमच दोन्ही सभागृहे डेमोक्रॅटिक-फार्मर-लेबर पक्षाच्या हाती आली. गव्हर्नर वेंडेल अँडरसन हेही त्याच पक्षाचे होते. पुढच्याच वर्षी कायदा झाला की, रुग्णालयाचा खर्च देणाऱ्या सामुदायिक विम्याने मद्यासक्ती आणि अमली पदार्थांचे व्यसन ह्यांवरील उपचारांचाही खर्च दिला पाहिजे. निवासी उपचारांची किमान मर्यादा वर्षाकाठी २८ दिवस ठरली. नोकरी न गमावता आणि घर न विकता बरे होण्याची वाट कारखान्यातील कामगारालाही मोकळी झाली.

आता दुसऱ्या कायद्याकडे वळू. आपल्याकडे मतदारयादी तयार करणे हे सरकारचे काम समजले जाते. गणनेसाठी माणसे दारात येतात. अमेरिकेत नाव नोंदविण्याचा भार पुष्कळ काळ मतदारावरच होता, आणि निवडणुकीपूर्वी काही दिवस नोंदणी बंद होई. ज्याने नुकतेच घर बदलले, ज्याची नोकरी सुटली, ज्याला पत्ताच धड नाही, तो हमखास बाहेर राही. १९७३ च्या कायद्याने मतदानाच्याच दिवशी, मतदानकेंद्रावरच नाव नोंदविण्याची सोय केली. जवळ पत्त्याचा कागद नसेल, तर त्याच विभागातील नोंदलेल्या मतदाराने शपथेवर सांगावे की, हा माणूस येथे राहतो. शेजाऱ्याची एवढी ग्वाही पुरेशी मानली गेली.

ह्या ग्वाहीमुळे दोन्ही कायद्यांचा धागा पुढे एकत्र आला. कायद्यात नंतर तरतूद झाली की, निवासी संस्थेतील कर्मचाऱ्याने तेथे राहणाऱ्यांसाठी अशी ग्वाही द्यावी. ह्या संस्थांत वृद्धाश्रम आहेत, बेघरांची आश्रयस्थाने आहेत, आणि परवानाप्राप्त निवासी उपचारकेंद्रेही आहेत. व्यसनमुक्तीसाठी घर सोडून आलेला माणूस त्या काळापुरताही नागरिकत्वाला मुकत नाही.

ह्या राज्याचे उदाहरण पुढे देशभर पोहोचले. मिनेसोटाचे काँग्रेस-सदस्य जिम रॅमस्टॅड हे स्वतः मद्यासक्तीतून सावरलेले होते, आणि ते त्यांनी कधी लपविले नाही. २००२ साली विमान-अपघातात मृत्यू पावलेले सिनेटर पॉल वेलस्टन हेही ह्याच राज्याचे. २००८ साली काँग्रेसने वेलस्टन आणि सिनेटर पीट डोमेनिची ह्यांच्या नावाने कायदा केला. विम्यात मनोविकार आणि व्यसन ह्यांवरील उपचारांचा समावेश असेल, तर त्यांवर इतर आजारांपेक्षा जाचक अटी घालता येणार नाहीत, असे त्याने ठरविले.

तरीही एक दार बंदच होते. गंभीर गुन्ह्यात दोषी ठरलेल्याला नागरी हक्क परत मिळेपर्यंत मत नाही, असे राज्याच्या घटनेतच लिहिलेले आहे. काही अमली पदार्थ नुसते जवळ बाळगणे हाही गंभीर गुन्हा ठरे. आणि तुरुंगातून सुटल्यावर देखरेखीची मुदत संपेपर्यंत हक्क मिळत नसे. ह्याविरुद्ध न्यायालयात गेलेल्यांत एक अशी स्त्री होती, जी अशाच शिक्षेनंतर सावरून व्यसनग्रस्तांची सल्लागार झाली होती. तिची देखरेखीची मुदत होती ४० वर्षे! दुसऱ्यांना सावरण्यास राज्याने तिला पात्र मानले, मत देण्यास मात्र नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये न्यायालयाने दावा फेटाळला, आणि हा प्रश्न विधिमंडळाने सोडवावा असे सुचविले. विधिमंडळाने विलंब लावला नाही. ३ मार्च २०२३ रोजी गव्हर्नर टिम वॉल्झ ह्यांनी नव्या कायद्यावर सही केली. तुरुंगाबाहेर असलेल्या सुमारे ५५,००० लोकांना मताचा हक्क मिळाला.

१९७३ मध्ये विलमारच्या कुलुपांची आठवण कोणाला होती किंवा नव्हती, हे महत्त्वाचे नाही. महत्त्वाचे हे की, तेथे काढलेले कुलूप विम्याच्या कागदावरून आणि अखेरीस मतपेटीवरूनही निघण्यास सुमारे सत्तर वर्षे लागली. माणूस बरा होऊ शकतो हे मान्य करणे सोपे असते. बरा झालेला माणूस आपल्या बरोबरीचा आहे, ही ग्वाही देण्यास समाजाला त्याहून पुष्कळ अधिक काळ लागतो.